तांबडी रेघ

तापीच्या दक्षिण तीरावर, बऱ्हाणपूरच्या अगदी समोर, आमचे जैनाबाद वसलेले आहे. बाहेरच्या माणसास ते ठाऊक असलेच तर आहूखान्यामुळे. इ. स. १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महल बऱ्हाणपुरात निवर्तली, तिचे पहिले दफन आमच्या या तीरावरील आहूखान्यात झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे पार्थिव आग्र्यास नेण्यात आले. ज्याच्यामुळे ताजमहाल झाला ते आमच्याकडून गेले, एवढेच सांगण्यासारखे आमच्यापाशी उरले. पाहुणे आले की आम्ही त्यांना आहूखाना दाखवतो. ते पडक्या भिंती पाहून हळहळतात आणि चहा घेऊन जातात. गेल्या दिवाळीत आलेल्या पाहुण्याने मात्र आम्हालाच काही दाखवले, आणि चार दिवस आमची झोप घालवली. हा पाहुणा म्हणजे आमचा नातू. इंदुरास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

या पानांवर आजवर आम्ही लिहिले ते इथल्या जुन्या मराठी घराण्यांविषयी, नाहीतर भू-अभिलेख खात्यातील नोकरीच्या आठवणींविषयी. संगणकाविषयी आम्ही काही लिहू असे आमच्या संपादकांनाच काय, आम्हालाही वाटले नव्हते. वाचकांनी थोडा धीर धरावा. विषय वाटतो तितका परका नाही.

नातू आणि त्याचे दोन मित्र मिळून शाळकरी मुलांसाठी आज्ञावली लिहिण्याची एक पाटी तयार करीत आहेत. इंग्रजीत तिला कोड एडिटर म्हणतात. शाळांतील संगणक जुने, त्यांवर नवे काही चढवायचे म्हटले की कुणाची तरी परवानगी लागते. म्हणून ही पाटी ब्राउझरातच उघडते, काहीही बसवावे लागत नाही. मुलांना शिकवण्यासाठी या तिघांनी स्वतःच एक छोटी संगणकीय भाषा रचली आहे. पाटी मात्र आयती घेतली. मोनॅको नावाचा हा एडिटर मायक्रोसॉफ्टच्या झुरिकमधील तुकडीने घडवला. तिचे प्रमुख एरिख गामा हे गृहस्थ २०११ मध्ये त्या कंपनीत आले होते. पुढे त्याच एडिटरवर व्हिज्युअल स्टुडिओ कोड उभा राहिला, जो आज जगभरचे आज्ञावलीकार वापरतात असे नातू सांगतो.

आता पाटी झाली, तिच्यावर अक्षरे उमटू लागली, पण पाटीला अक्षरांचा अर्थ कुठे कळतो? मुलाने एखादे नाव चुकीचे लिहिले तर त्याखाली तांबडी नागमोडी रेघ यावी, अर्धे नाव लिहिताच उरलेले सुचवले जावे, एखाद्या शब्दावर बाण नेला तर त्याचा खुलासा दिसावा, हे सगळे करणारा जाणकार वेगळाच असतो. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. नातवाने हे समजावण्यासाठी कागदावर चौकोन आणि बाण काढले, ते आमच्या डोक्यावरून गेले. मग आम्हीच त्याला विचारले, ‘‘म्हणजे आमच्या कार्यालयातले बडे बाबू ना?’’

आमच्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी एक बडे बाबू होते. कारकून मसुदा लिहीत. त्यांच्यापैकी एकालाही नियमांची पुस्तके धड पाठ नव्हती. मसुदा बडे बाबूंच्या मेजावर जाई आणि तांबड्या शाईच्या खुणा होऊन परत येई. कुठले कलम चुकले, कुठला शब्द अपुरा, सगळे त्यांना ठाऊक. कारकुनाला फक्त सुवाच्य लिहिता आले की पुरे. नातू हसला आणि म्हणाला, ‘‘बरोबर, आजोबा. एडिटर म्हणजे कारकून आणि सर्व्हर म्हणजे बडे बाबू. दोघांत चिठ्ठ्या चालतात.’’

या चिठ्ठ्यांचा नमुना ठरला ही मोठी गोष्ट आहे, हे आम्हाला नंतर कळले. पूर्वी प्रत्येक एडिटरकर्त्याला प्रत्येक संगणकीय भाषेची जाण स्वतःच्या एडिटरात नव्याने भरावी लागे. भाषा दहा आणि एडिटर सहा असतील तर एकच काम साठ वेळा. २७ जून २०१६ रोजी मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही या तिघांनी मिळून एक शिरस्ता जाहीर केला: चिठ्ठी कशी लिहायची, तिच्यात कोणते रकाने असायचे, उत्तर कोणत्या स्वरूपात द्यायचे. एवढे पाळले की कोणताही एडिटर कोणत्याही जाणकाराशी बोलू शकतो, आणि साठांच्या जागी सोळा कामे उरतात. ज्याने जन्मभर छापील नमुने भरले आणि भरवून घेतले, त्याला हे ऐकून मनातून गुदगुल्या झाल्या. नमुन्यांची कुचेष्टा करणारे पुष्कळ भेटले. नमुन्यामुळे जग चालते असे सांगणारा हा पहिलाच.

ब्राउझरातल्या पाटीची एक जादा अडचण असते. घरच्या संगणकावरचा एडिटर जाणकाराला त्याच संगणकावर हाक मारून उठवतो. ब्राउझराला सुरक्षिततेपायी तशी मुभा नाही. तो स्वतःच्या कुंपणाबाहेर कुठलाच कार्यक्रम सुरू करू शकत नाही. म्हणून जाणकार दूरच्या यंत्रावर बसतो, आणि दोघांमध्ये एक सतत उघडी वाट ठेवावी लागते, तिला वेबसॉकेट म्हणतात. जाणकारालाच आटोपशीर करून ब्राउझराच्या आत आणून बसवण्याचीही रीत आता आहे, परंतु या तिघांनी पहिली वाट धरली होती. जाणकार त्यांनी स्वतः लिहिला, गो नावाच्या भाषेत.

वसुबारसेच्या संध्याकाळी त्याने आमच्यासमोर पाटी उघडली. म्हणाला, ‘‘आजोबा, काहीही लिहा.’’ आम्ही अर्थातच गावाचे नाव लिहायला सांगितले. त्याने एका ओळीत अवतरणचिन्हांत ‘जैनाबाद’ लिहिले, त्यापुढे एक नाव मुद्दाम चुकवून लिहिले आणि त्याच्याही पुढे लांबलचक बेरीज लिहिली. तांबडी रेघ आली खरी, पण चुकलेल्या नावाखाली नव्हे, पार उजवीकडे, बेरजेतल्या एका निरपराध आकड्याखाली. नातवाचा चेहरा पडला. त्याने गावाचे नाव पुसून इंग्रजी लिपीत लिहिले. रेघ मुकाट्याने जागेवर आली. पुन्हा देवनागरी, पुन्हा रेघ पळाली. आठवड्याभराने महाविद्यालयात हे काम दाखवायचे होते. थोडा वेळ डोके धरून बसला आणि म्हणाला, ‘‘जाऊ दे. पोरांना सगळं इंग्रजीतच लिहायला सांगू. मग काही भानगडच नाही.’’

आम्ही काही बोललो नाही. देवघरात दिवा लावण्याच्या निमित्ताने उठलो.

काय आठवले ते सांगितले पाहिजे. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. मध्य प्रदेशातील मराठी घरांत हे अक्षर असणे म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना निराळे सांगायला नको. आमच्या सेवापुस्तिकेत ते ‘ल’ झाले आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांतही ‘ल’च राहिले, त्याचे आम्हाला पुढे काही वाटेनासे झाले. पण एवढ्यावर ते थांबले नाही. गावोगावचे खसरे संगणकावर चढू लागले तेव्हा एका तालुक्यात ते काम आमच्या देखरेखीखाली होते. टंकलेखक हिंदी भाषक, कामाची घाई. एकाने विचारले, ‘‘साहेब, हे अक्षर काय करायचे?’’ आम्ही तोंडी सांगितले, ‘ल’ करा, चालते. पाच सेकंदांचा हुकूम. काही वर्षांनी एक विधवा बाई नामांतरणासाठी कार्यालयात आल्या. नवऱ्याचे आडनाव खसऱ्यात ‘ल’ने, मृत्यूच्या दाखल्यावर ‘ळ’ने, आणि बँकेच्या पुस्तकात, कुणी तरी जसे ऐकले तसे, ‘ड’ने. तिन्ही नावे एकाच इसमाची असल्याचे शपथपत्र द्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्या तीन खेपा आल्या. तिसऱ्या खेपेस शपथपत्रावर आमचीच सही झाली, आणि मूळ हुकूम कुणाचा होता हे त्या बाईंना आम्ही सांगितले नाही. आज त्या असतील नसतील, ठाऊक नाही.

तेव्हा ‘इंग्रजीतच लिहायला सांगू’ हे वाक्य आम्हाला फार ओळखीचे वाटले.

रात्री जेवणानंतर आम्ही नातवाला म्हटले, ‘‘बाळा, ती रेघ किती पळते ते मोजले का?’’ तो म्हणाला, ‘‘मोजायचं काय त्यात? चुकीची आहे एवढं दिसतंय ना.’’ यावर आमच्यातला भूमापक जागा झाला. शेताच्या हद्दीचा तंटा आला की पहिले काम मोजणे. कारण चुकीच्या मुख्य जाती दोन. खुंटी चुकीच्या जागी ठोकली असेल तर फरक सगळीकडे सारखाच राहतो. साखळी चुकीची असेल तर फरक लांबीबरोबर वाढत जातो. आमच्या सरहद्दीवर हे नित्याचे आहे. आमची सासुरवाडी रावेरची. तिकडे जमीन गुंठ्यांत बोलतात. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे, आणि तेहतीस गुणिले तेहतीस फुटांचा गुंठा. इकडे आमच्या हातात गुंटरची साखळी, सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची; तिच्या दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, आणि एकराचा शंभरावा भाग तो डिसमिल. दोन्हीही अचूक. पण एकाच्या साखळीने मोजून दुसऱ्याच्या वहीत आकडा चढवला की भावाभावांत कोर्टकचेरी.

मग दोघांनी वही घेतली. अवतरणचिन्हांत ‘घर’ लिहिले. रेघ चार घरे उजवीकडे सरकली. ‘नाव’ लिहिले, सहा घरे. ‘जैनाबाद’, चौदा. म्हणजे खुंटी नव्हे, साखळीच. परंतु हिशेब बसेना. ‘घर’मध्ये अक्षरे दोन, ‘नाव’मध्येही दोनच, मग एकदा चार आणि एकदा सहा कसे? आम्ही अक्षरे मोजत होतो तशी, जशी मराठी शाळेत पाटीवर मोजली. तासभर गेला. मग नातवालाच सुचले की यंत्र काना, मात्रा, वेलांटी निराळी मोजते. ‘नाव’ म्हणजे न, काना, व; तीन. ‘जैनाबाद’ म्हणजे ज, दोन मात्रा, न, काना, ब, काना, द, सात. दोनाला चार, तीनाला सहा, साताला चौदा. प्रत्येक खुणेमागे रेघ बरोबर दोन घरे पळत होती. त्या क्षणी आमच्या नातवाने जी उडी मारली तिने खालचा पाट उलटला.

कारण त्याला लगेच कळले, आम्हाला सावकाश. यंत्रात अक्षरे ठेवण्याच्या रीती अनेक आहेत. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ या रीतीत तीन बाइट जागा घेते आणि यूटीएफ-१६ या रीतीत एक एकक. जाणकाराने चुकीची जागा सांगताना बाइट मोजले, पाटीने तो आकडा एककांचा समजून रेघ ओढली. तीनातून एक गेला, दोन उरले. चिठ्ठ्यांच्या शिरस्त्यात ओळीतली जागा यूटीएफ-१६ च्या एककांतच सांगावी असे लिहिलेले आहे, कारण ब्राउझराची भाषा आतून त्याच मापाने मोजते. २०२२ मध्ये आलेल्या ३.१७ या आवृत्तीत दोघांनी आरंभीच बोलून दुसरे माप ठरवण्याची सोय झाली. न ठरवल्यास जुनेच माप चालू. नातवाने तो नमुना वाचला होता, पण मापाची ओळ वगळून. नमुन्याच्या तळटिपा कुणीच वाचत नाही, हे आम्ही सेवेत असताना फार बोललो आहोत.

इंग्रजी अक्षर मात्र दोन्ही रीतींत एकच जागा घेते. म्हणून केवळ इंग्रजी लिहिणाऱ्याला ही चूक जन्मभर दिसणार नाही. त्याच्या शेतात दोन्ही साखळ्या सारख्याच भरतात. ती दिसते जपानीत लिहिणाऱ्याला, अरबीत लिहिणाऱ्याला, जैनाबादेत गावाचे नाव लिहिणाऱ्याला. आणि हो, त्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांमुळे. ते चेहरे यूटीएफ-१६ मध्ये दोन एकके घेतात. नातू म्हणतो, इंग्रजीवाल्यांना आपल्या चुकांचा पत्ता बऱ्याचदा या चेहऱ्यांमुळेच लागला. जगातील इतक्या लिपी जे करू शकल्या नाहीत ते त्या पिवळ्या तोंडांनी केले.

यूटीएफ-८ ची जन्मकथाही त्याने सांगितली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत केन थॉम्पसन यांनी ती रीत, रॉब पाइक यांच्यासमवेत जेवताना, ताटाखालच्या कागदावर मांडली. गंमत अशी की ज्या गो भाषेत नातवाने आपला जाणकार लिहिला ती काढणाऱ्या तिघांत हे दोघेही आहेत. २००९ मध्ये ती जाहीर झाली, आणि तिला शब्दाची लांबी विचारली तर ती बाइटांत सांगते. तेव्हा साखळी कुठून आली हेही उघड झाले. आमच्याकडेही या बाबतीत काही कमी काम झाले नव्हते. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञान प्रसारात आणले, आणि भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये मानक म्हणून आले. त्यात प्रत्येक खुणेला एकच बाइट होता. युनिकोडातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे. अक्षरांचा क्रम आमचा, माप मात्र त्यांचे.

नातवाने ओळीच्या आरंभापासून एककांत मोजत जाणारी दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली. रात्रीचा एक वाजला होता. रेघ चुकलेल्या नावाखाली येऊन बसली. आम्ही समाधानाने झोपलो.

धनत्रयोदशीला दुसरी आफत. तोवर पाटी दर अक्षरागणिक सगळा मजकूर जाणकाराकडे धाडत होती. जैनाबादच्या नेटची अवस्था काय वर्णावी. वारा सुटला की जाते. म्हणून त्याने फक्त झालेला बदल धाडण्याची सोय सुरू केली: अमुक ओळ, अमुक घर, तिथे अमुक घाला. चिठ्ठ्या इवल्याशा झाल्या आणि पाटी चटचट चालू लागली. पण ‘जैनाबाद’च्या मधोमध काही बदलताच जाणकार भलतेच बरळू लागला. पाटीवर मजकूर शुद्ध, आणि तो म्हणे इथे चूक आहे, तिथे चूक आहे. नातवाने त्याच्याकडची प्रत काढून पाहिली तर तिच्यात गावाच्या नावाऐवजी काळे प्रश्नांकित चौकट पडलेले. पाटीने एककांत सांगितलेली जागा त्याने बाइटांत मोजली आणि कुऱ्हाड थेट एका अक्षराच्या पोटात घातली.

हे ऐकताच आम्हाला हसू आवरेना. नामांतरण झाले, खसऱ्यात चढले, पण नकाशात तरमीम झालीच नाही, असे आम्ही किती पाहिले! वहीत शेत दोघा भावांचे, नकाशात एकाचे. आणि दोन्ही कागद शासकीय. दोन ठिकाणी एकच नोंद ठेवायची तर बदल दोन्हीकडे एकाच मापाने गेला पाहिजे. जातानाची साखळी आपण दुरुस्त केली, येतानाची राहिली, एवढेच आम्ही म्हणालो. तो ‘हं’ म्हणाला आणि कामाला लागला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते काम झाले. सूनबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावले. त्यात हळदीचा कण कळफलकात गेला, त्यावरून मायलेकांचे थोडे झाले.

त्या विधवा बाईंची गोष्ट आम्ही त्याला भाऊबीजेच्या दिवशी सांगितली, पुलावरून बऱ्हाणपूरकडे जाताना. आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. स्टेशन जवळ आल्यावर त्याने विचारले, ‘‘आजोबा, तेव्हा कोणी मोजलं असतं तर कळलं असतं का?’’ आम्ही म्हटले, ‘‘टंकलेखकाने विचारले होते की. आम्हीच उत्तर चुकीचे दिले.’’ मग गाडी आली.

जाताना त्याने आम्हाला एक काम दिले होते. चाचणीसाठी अवघड मराठी शब्दांची यादी हवी, प्रत्येकापुढे खुणांची संख्या हाताने मोजून. आम्ही वीस शब्द काढले. ‘वैशिष्ट्य’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘कुऱ्हाड’, ‘बऱ्हाणपूर’. आणि एक आमचे आडनाव, ‘ळ’सकट. चष्मा पुसून दोनदा मोजले आणि यादी फोनवरून पाठवली. रात्री त्याचा निरोप आला: एकोणीस बरोबर, एक चूक. तुम्ही ‘बऱ्हाणपूर’चे नऊ लिहिले आहेत, यंत्र दहा म्हणते.

आम्ही पुन्हा मोजले. ब, ऱ, हलन्त, ह, काना, ण, प, दीर्घ उकार, र. नऊच. सकाळी त्याचा फोन आला. आमच्या फोनच्या कळफलकाने ‘ऱ’ एकसंध न लिहिता ‘र’ आणि त्याखाली वेगळा टिंब असा लिहिला होता. युनिकोडात दोन्ही रीती ग्राह्य आहेत आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. ‘‘तांबडी रेघ मात्र बरोबर जागेवर येते,’’ तो म्हणाला. ‘‘मग यादीत काय ठेवू, आजोबा, नऊ की दहा?’’

आम्ही म्हटले, दोन्ही रूपे ठेव. वहीत ‘बऱ्हाणपूर’पुढच्या नऊच्या शेजारी आम्ही दहा लिहिले, नऊ खोडले नाही.